दोन डब्यांचा स्टीलचा कॅन्डल फिल्टर, गंजगोलाई लातूर: पोराच्या जिआर्डियानंतर (पोटातल्या एका परजीवीचा आजार) घेतला, वापरून काय वाटलं ते सविस्तर

दिसायला काही विशेष नाही बघा. स्टीलचे दोन डबे एकावर एक, वरच्या डब्यात दोन कॅन्डल (पाणी गाळणाऱ्या पांढऱ्या नळ्या), खालच्याला तोटी, वरून झाकण. लाईट लागत नाही, पाणी वाया जात नाही, मेकॅनिकला फोन करावा लागत नाही. खालीवर मिळून २० लिटरचा घेतलाय, कॅन्डलसकट दोन हजाराच्या आतच बसला. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण दुकानात चार कंपन्यांचे शेजारी शेजारी मांडलेले असतात, स्टील सगळ्यांचं सारखंच, खरा फरक कॅन्डलचा, आणि मला जे सांगायचंय ते कॅन्डलबद्दलच आहे. ५ पैकी ४ देते. एक मार्क कशाचा कापला ते पण सांगते, कारण तो मार्क जीवाशी संबंधित आहे, उगं काहीतरी कापायचा म्हणून कापलेला नाही.

का घेतला ते आधी सांगावं लागेल, नाहीतर कॅन्डलचं काय एवढं असं वाटेल. आमच्या पोराला, वय सात, जुलाब सुरू झाले. म्हणजे धो धो जुलाब नाहीत, दिवसातून तीन-चारदा, पिवळसर, तेलकट, पाणी ओतलं तरी भांड्याला चिकटून राहणारी संडास आणि वास इतका घाण की दुसऱ्या खोलीत कळायचा. पोट फुगलेलं, सडक्या अंड्यासारखे ढेकर, जेवायला बसलं की दोन घासात नको म्हणायचा. ताप नाही, रक्त नाही. मधेच चार दिवस बरा व्हायचा, आम्हाला वाटायचं गेलं एकदाचं, की परत सुरू. चड्डी ढिली व्हायला लागली तेव्हा मात्र घरात सगळ्यांचा जीव वरखाली झाला.

मेडिकलमधून जुलाब थांबायची गोळी आली, जराशी थांबली की परत चालू. शेजारच्या ताई म्हणल्या जंत असतील, शाळेतली गोळी दिली का. दिली होती की. जंतनाशक दिनाला शाळेत आणि अंगणवाडीत अल्बेंडाझोलची चघळायची गोळी देतात ना, ४०० मिलीग्रॅमची, ती त्यानं खाल्लेली होती आणि तरीही हे चालूच. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या कारण आपल्याकडं लई जणांचा हाच घोळ होतो. ती गोळी मातीतून येणाऱ्या जंतांसाठी असते, गोल जंत, चाबूक जंत, अंकुश जंत. ती चांगलीच आहे, द्यायलाच पाहिजे, पण जिआर्डिया हा जंत नाहीच. तो एकपेशीय परजीवी आहे, डोळ्याला दिसत नाही, संडासात वळवळताना दिसायचा प्रश्नच नाही आणि एका गोळीने तो जात नाही.

शेवटी ज्या बालरोगतज्ज्ञांकडं गेलो त्यांनी पोट दाबून बघितलं, किती दिवस चाललंय विचारलं आणि सरळ संडासाची तपासणी लिहून दिली. ती पण एका दिवसाची नाही. वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने द्या म्हणले. मी विचारलं डॉक्टर एकाने भागणार नाही का, तर म्हणले हा परजीवी रोज सारख्या प्रमाणात बाहेर पडत नाही, आज भरपूर दिसतो, उद्या एक पण दिसत नाही, म्हणून एक रिपोर्ट क्लिअर आला की आई-बाप निवांत होतात आणि लेकराचं पोट तसंच राहतं. आमचा पहिला नमुना खरंच क्लिअर आला. दुसऱ्यात लिहून आलं, जिआर्डियाचे सिस्ट (त्याचं कवचातलं रूप) दिसले. त्यामुळं कुणाचं पोट दोन आठवड्यांच्या वर असं चालू असेल आणि एकच तपासणी झाली असेल तर डॉक्टरांना परत विचारा. हल्ली अँटिजेन टेस्ट (परजीवीचे अंश शोधणारी) पण असते, ती सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीपेक्षा जास्त पक्की पकडते, फक्त महाग पडते आणि सगळ्या लॅबमध्ये होत नाही.

मग मी या जिआर्डियाबद्दल जेवढं सापडेल तेवढं वाचलं. १६८१ साली हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेवेनहूक नावाच्या कापड व्यापाऱ्यानं स्वतःच बनवलेल्या भिंगाखाली स्वतःचीच जुलाबाची संडास ठेवून बघितली, तेव्हा हा प्राणी माणसाला पहिल्यांदा दिसला. साडेतीनशे वर्षं होत आली, आणि अजून आपल्या घरात कुणाला त्याचं नाव माहीत नसतं. त्याची दोन रूपं असतात. आतड्यात असताना तो नासपतीच्या आकाराचा, शेपट्या असलेला, लहान आतड्याच्या आतल्या अस्तराला चिकटून बसणारा. तो रक्तात शिरत नाही, आतडं फोडत नाही, म्हणूनच रक्त पडत नाही आणि ताप बहुतेक नसतो, पण अस्तर खराब झाल्यामुळं खाल्लेलं, त्यातही तूप-तेल, अंगी लागत नाही. संडास तेलकट का होती ते तेव्हा कळलं. रक्त आणि आव पडत असेल तर प्रकरण वेगळं असू शकतं, अमिबाचा किंवा जिवाणूंचा आमांश, त्यात अजिबात वेळ काढू नका. जिआर्डियाचं दुसरं रूप म्हणजे सिस्ट. शरीराबाहेर पडताना तो स्वतःभोवती जाड कवच करून घेतो आणि त्या कवचात गार पाण्यात आठवड्यामागून आठवडे, कधीकधी महिनोन् महिने जिवंत राहतो. असे दहाएक सिस्ट पोटात गेले तरी लागण होऊ शकते. आजारी माणसाच्या एका दिवसाच्या संडासात ते कोटींनी असतात. आता हिशोब करा की एका फुटक्या पाइपाला किती पुरेसं आहे.

पाइपावरून लातूरचं सांगायलाच पाहिजे. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं, मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तेव्हा सगळ्या देशानं आपल्याला टीव्हीवर बघितलं. ते वर्ष गेलं पण नळाला रोज पाणी ही गोष्ट मराठवाड्यात अजून किती घरांत आहे सांगा. संभाजीनगर बघा, जालना बघा, बीड बघा, सगळीकडं कमी-जास्त हेच. मधे दिवस टाकून पाणी येतं. आणि त्याचा त्रास नुसता साठवणीचा नाही. पाइप भरलेला असतो तेव्हा फटीतून पाणी बाहेर गळतं, पण सप्लाय बंद होऊन पाइप रिकामा झाला की आत ओढ तयार होते आणि त्याच फटीतून आजूबाजूच्या गटारातलं पाणी आत शोषलं जातं. म्हणून नळ आला की पहिलं पाणी गढूळ आणि वासाचं येतं. आमच्या गल्लीत पाण्याच्या लाइनीला गटार लागूनच आहे, हे सगळ्यांना दिसतं. आता पहिल्या पाच-दहा मिनिटांचं पाणी आम्ही भांडी, फरशी, झाडं याला वापरतो आणि प्यायचा हंडा त्यानंतर लावतो. याला पैसे पडत नाहीत आणि फरक पडतो.

टँकरचं तर विचारूच नका. विहिरीवर भरला, कुठल्या विहिरीवर ते कुणी सांगत नाही, मग ड्रममध्ये, ड्रममधून बादलीत, बादलीतून माठात, आणि माठात तांब्या बुडवणारा हात कुणाचा ते बघायला कुणाला वेळ आहे.

आमच्या सासूबाई औसा तालुक्यातल्या, त्या आजही पाणी गाळल्याशिवाय भरत नाहीत. जुन्या सुती साडीची दुहेरी घडी हंड्याच्या तोंडावर ताणून बांधतात. मला आधी वाटायचं केर-कचऱ्यासाठी करतात. त्यांनीच सांगितलं की त्यांच्या लहानपणी गावात नारू होता, पायाला फोड यायचा आणि त्यातून दोऱ्यासारखा लांब किडा निघायचा, काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचे, तुटला तर पाय सुजून माणूस अंथरुणाला खिळायचं. पायऱ्यांच्या बारवेत लोक पाय बुडवून पाणी भरायचे, त्यातनं पसरायचा. मग आरोग्यवाले येऊन पाणी गाळायला शिकवून गेले, बारवा बंद झाल्या, हापसे आले आणि नारू गेला. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त म्हणून जाहीर केला. कापडाच्या घडीनं एवढा मोठा रोग हद्दपार व्हायला मदत झाली, ही काय साधी गोष्ट आहे का. म्हणून सासूबाईंच्या घडीला मी कधी नाव ठेवणार नाही.

पण, आणि इथंच माझ्या सगळ्या खरेदीचं मूळ आहे, नारूची अळी ज्या पाणपिसवेच्या पोटात असते ती पिसू एक-दोन मिलिमीटरची असते, निरखून बघितलं तर दिसते सुद्धा, ती कापडात अडकते. जिआर्डियाचा सिस्ट ८ ते १२ मायक्रॉनचा. एका मिलिमीटरचे हजार भाग केले की एक मायक्रॉन. कितीही घड्या घाला, जुन्या सुती साडीच्या छिद्रातून तो आरामात खाली जातो. सासूबाईंना मी हे सांगितलं तर त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणल्या, "मग त्याला अडवंल असं बारीक काय मिळतंय ते बघ की गं." तेच शोधायला निघाले.

पहिल्यांदा घरी आरओवाला आला. त्यानं टीडीएसचं मशीन काढलं, पाण्यात बुडवलं, आकडा दाखवला, आणि म्हणला मॅडम हे पाणी पिता तुम्ही. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. आपल्या देशाच्या मानकात लिटरला ५०० मिलीग्रॅमपर्यंत चांगलं आणि दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालतं असं धरलंय. त्या मशीनला जिआर्डिया दिसत नाही, अमिबा दिसत नाही, कावीळ दिसत नाही. टीडीएस १५० असलेल्या गोड पाण्यात पण सिस्ट असू शकतात आणि १२०० च्या खाऱ्या बोअरमध्ये एक पण नसू शकतो. आरओ वाईट आहे असं मी म्हणतच नाही, त्याची जाळी इतकी बारीक असते की सिस्ट जाणं शक्यच नाही, आणि ज्यांचं बोअर फार खारं आहे किंवा नांदेडच्या किनवटकडं असतं तसं फ्लोराईडचं पाणी आहे त्यांना आरओसारखंच काहीतरी लागतं, कॅन्डल फिल्टर फ्लोराईड किंवा क्षार अजिबात काढत नाही, हे नीट लक्षात ठेवा. पण आमचं पिण्याचं पाणी धरणाचं, क्षार कमी. त्याच्यासाठी एक लिटर प्यायला मिळावं म्हणून दोन-तीन लिटर मोरीत सोडायचं, ते पण लातुरात, मला पटलं नाही. शिवाय लाईट जाते. यूव्हीवाल्या (किरणांनी जंतू मारणाऱ्या) मशीनचं तेच, लाईट पाहिजे आणि पाणी स्वच्छ पाहिजे, गढूळ पाण्यात किरण सगळीकडं पोचत नाहीत.

जारचं पाणी एक उन्हाळा घेतलं होतं. गार असतं, गोड लागतं. पण झाकण नुसतं दाबून बसवलेलं, सील नाही, जार आतून हिरवट. प्लान्ट कुणाचा ते सांगत नाही. गार म्हणजे शुद्ध नाही, उलट गार पाण्यात सिस्ट जास्त दिवस टिकतो, हे कळल्यावर बंद केलं.

तर दुकान. गंजगोलाईत भांड्यांच्या दुकानांची रांग आहे तिथंच, जुनं दुकान, काका स्वतः गल्ल्यावर. मी म्हणलं काका कॅन्डलचा फिल्टर दाखवा, पण कॅन्डल किती मायक्रॉनची ते लिहिलेली पाहिजे. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणले, "ताई, लोकं डब्याची जाडी विचारतेत, कॅन्डलचं पहिल्यांदाच कुणी विचारलं." तरी चिडले नाहीत, तीन-चार खोके उघडून दाखवले. एका स्वस्त कॅन्डलच्या पाकिटावर छिद्राचा आकडाच नव्हता, नुसतं 'शुद्ध जल' आणि धबधब्याचं चित्र. ती त्यांनी स्वतःच बाजूला ठेवली. दुसरी सिरॅमिकची होती, तिच्यावर ०.५ मायक्रॉन छापलेलं. जिआर्डियासाठी १ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक पाहिजे, आणि तो आकडा सरासरी छिद्राचा नको, एवढ्यापेक्षा मोठं काही जाणारच नाही अशी हमी देणारा पाहिजे. अमिबाचे सिस्ट १० ते २० मायक्रॉनचे, ते पण यात अडकतात. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा तिसरा एक आहे, तो ४ ते ६ मायक्रॉनचा, तो पण अडकतो. हा तिसरा लई डांबिस आहे, क्लोरीनला जुमानतच नाही. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून त्यानं चार लाख लोक आजारी पाडले होते, तिथं तर पाण्याचा मोठा प्लान्ट होता, क्लोरीन पण होतं. गाळणी नीट चालली नाही एवढंच निमित्त.

काकांनी जादा कॅन्डल पण वेगळ्या मिळतात असं सांगितलं, आणि बिल मागितलं तर कटकट न करता दिलं. दुकानाला पूर्ण मार्क.

घरी आणल्यावर काय केलं ते जरा बारीक सांगते, कारण फिल्टर चांगला असून पण इथंच फसतात लोक. कॅन्डल आधी रात्रभर पाण्यात भिजवली. भिजल्यावर तिच्या खालच्या दांडीला स्वच्छ रबरी नळी लावली, कॅन्डल बादलीत पूर्ण बुडवली आणि नळीतून हळू फुंकलं. कॅन्डल चांगली असेल तर ओल्या छिद्रातून हवा सहज निघत नाही. कुठं चीर असेल किंवा पांढरी नळी आणि खालची प्लॅस्टिकची टोपी जिथं चिकटवलीय तिथं फट असेल तर त्या एकाच जागेवरून बुडबुड्यांची सर लागते. आमच्या दोनपैकी एकीला टोपीपाशी बुडबुडे आले. दुसऱ्या दिवशी घेऊन गेले, काकांनी बदलून दिली. डोळ्याला ती फट दिसतच नव्हती, आणि तिच्यातून एका तासात किती पाणी न गाळता खाली गेलं असतं याचा विचार करा. मग डब्याला बसवताना वायसर वर एक खाली एक, नट हातानं घट्ट, पान्यानं नाही, नाहीतर दांडी तडकते. पहिले दोन डबे पाणी ओतून दिलं, खडूसारखी चव येते ती जाते.

रोजचा वापर असा. पाणी हळू पडतं, हे आधीच मान्य करून घ्या. दोन कॅन्डलमधून तासाला दोन-तीन लिटर, तेही कॅन्डल स्वच्छ असताना. पाच माणसांच्या घराला पुरतं पण रात्री झोपताना वरचा डबा भरून ठेवायची सवय लागते. पाहुणे आले, लग्नकार्य असलं की पुरत नाही. पावसाळ्यात धरणाचं पाणी लाल येतं तेव्हा कॅन्डल दोन-तीन दिवसात चोंदते. त्याला उपाय म्हणजे पाणी आधी तुरटी फिरवून हंड्यात निवळू द्यायचं आणि वरचं वरचं ओतायचं. तुरटीनं गाळाबरोबर बरेचसे जंतू पण तळाला बसतात, म्हणजे कॅन्डलवरचा भार कमी. कॅन्डल धुताना मऊ ब्रश, वाहतं पाणी, साबण नाही, तारेची घासणी तर बिलकुल नाही. घासून घासून ती पातळ होते, पाकिटात जाडी मोजायची पट्टी येते, त्यात सैल बसायला लागली की फेकून द्यायची. आणि धुतलेल्या कॅन्डलच्या खालच्या टोकाला ओला हात लावायचा नाही, ती स्वच्छ बाजू आहे, आपल्या हातचं तिथं लागलं तर गाळून उपयोग काय. धुतल्यावर हात साबणानं. खालचा डबा आठवड्याला घासून, उकळतं पाणी फिरवून.

तोटी हा भाग मला लई आवडला, खरंतर कॅन्डलइतकाच. माठात तांब्या बुडवणं घरातून बंदच झालं. पोराचा हात पाण्यात जात नाही, पाहुण्यांचा जात नाही. नुसती तोटीची टाकी घेतली तरी निम्मं काम होतं असं माझं मत आहे.

आता कापलेला मार्क. पाकिटावर लिहिलंय की सगळे जंतू जातात. हे खरं नाही. ०.५ मायक्रॉनच्या कॅन्डलमधून परजीवी जात नाहीत, बहुतेक जिवाणू पण अडकतात, पण विषाणू जातात. अ आणि ई प्रकारच्या काविळीचे विषाणू ०.०३ मायक्रॉनच्या आसपास असतात, त्यांना ही कॅन्डल म्हणजे मोकळं मैदान. आणि पावसाळ्यात आपल्याकडं काविळीची साथ येतेच. गरोदर बाईला ई काविळीत जीवाचा धोका असतो, म्हणून मी म्हणलं हा मार्क जीवाशी संबंधित आहे. कंपनीनं हे स्पष्ट छापायला पाहिजे.

गावाकडं ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो आणि ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची) करतो, पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. आशाताई मेडिक्लोरच्या (पातळ क्लोरीनच्या) बाटल्या देतात. लोक म्हणतात मग आता कशाला फिल्टर. तर क्लोरीन विषाणूंना आणि जिवाणूंना चांगलं मारतं, पण जिआर्डियाच्या जाड कवचापुढं त्याला जास्त वेळ आणि जास्त मात्रा लागते, नळापाशी उरलेल्या लिटरला ०.२ मिलीग्रॅम क्लोरीननं ते काम होत नाही, आणि क्रिप्टोचं तर होतच नाही. म्हणजे कॅन्डलमधून जो निसटतो त्याला क्लोरीन मारतं आणि क्लोरीनला जो पुरून उरतो त्याला कॅन्डल अडवते. दोन्ही मिळूनच पूर्ण होतं. आम्ही खालच्या डब्यातल्या गाळलेल्या पाण्यात मेडिक्लोरचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकतो आणि अर्धा तास थांबतो. गाळलेल्या पाण्यात क्लोरीन जास्त चांगलं काम करतं कारण गाळ त्याला खाऊन टाकत नाही.

आणि ज्यांना फिल्टर घ्यायचा नाही किंवा परवडत नाही त्यांनी उकळा. उकळण्यानं जिआर्डिया, अमिबा, क्रिप्टो, जिवाणू, विषाणू सगळे मरतात, याला तोड नाही. आणि वीस-वीस मिनिटं उकळायची गरज नाही, गॅस जाळू नका. खळखळ उकळी फुटली की एक मिनिट ठेवा, बंद करा, झाकून गार होऊ द्या. उंच डोंगरावर, दोन हजार मीटरच्या वर, तीन मिनिटं लागतात, आपलं पठार सहाशे मीटरच्या आसपास आहे. फक्त उकळलेलं पाणी परत त्याच न धुतलेल्या माठात ओतू नका.

फिल्टर आणून पण घरात दुसऱ्यांदा लागण झाली असं सांगणारे भेटतात, त्यांच्या फिल्टरचा दोष नसतो बऱ्याचदा. जिआर्डिया नुसता पाण्यानं येत नाही, हातानं येतो. लेकराची शी धुणाऱ्या हातानं, शाळेतल्या संडासाच्या कडीनं, नाल्याकाठच्या मळ्यातल्या कोथिंबिरीनं. संडासहून आल्यावर आणि जेवायच्या आधी साबण, वीस सेकंद, नखांसकट. सॅनिटायझरवर विसंबू नका, अल्कोहोलनं सिस्ट नीट मरत नाही, साबणानं चोळून वाहत्या पाण्यात तो धुऊन जातो. कच्ची कोथिंबीर, मेथी, पातीचा कांदा आपल्याकडं भाकरीबरोबर खातातच, त्या निवडून, दोन-तीन पाण्यांनी धुवा, शेवटचं पाणी गाळलेलं. शेतात विहिरीत पोहणाऱ्या पोरांना पाणी तोंडात घेऊ नका हे शंभरदा सांगावं लागतं. आणि घरात कुणाला जुलाब चालू असतील त्यानं तरी काही दिवस विहिरीत उतरू नये, त्याच विहिरीचं पाणी कुणीतरी पितंय.

पोराचं औषध डॉक्टरांनी दिलं, कडू होतं, तोंडाला धातूसारखी चव यायची, पण कोर्स पूर्ण केला. गोळीचं नाव इथं मुद्दाम देत नाही, वजनावर डोस असतो, आणि मेडिकलवाल्याकडून अर्धा कोर्स घेऊन सोडून देणारे पुन्हा आजारी पडतात. औषध संपल्यावर पण दूध प्यायलं की पोट फुगायचं, तेव्हा आम्ही घाबरलो, वाटलं परत आलं. डॉक्टर म्हणले आतड्याचं अस्तर भरून यायला वेळ लागतो, तोपर्यंत दूध पचत नाही, काही आठवडे दूध बंद ठेवा, ताक-दही थोडं थोडं चालेल. तसंच झालं, हळूहळू पचायला लागलं. आता चड्डी परत घट्ट होतेय.

घ्यावा का? धरणाचं किंवा गोडं विहिरीचं पाणी असेल, लाईटचा भरवसा नसेल, भाड्याच्या घरात राहत असाल तर डोळे झाकून घ्या, फक्त कॅन्डलचा आकडा बघून. बोअर खारं किंवा फ्लोराईडचं असेल तर नको. घरात तान्हं बाळ, गरोदर बाई किंवा केमो वगैरे चालू असलेलं कुणी असेल तर यातलं पाणी त्यांच्यापुरतं उकळूनच द्या. कॅन्डलची जोडी साधारण सहा महिने ते वर्षभर जाते, पाण्यातल्या गाळावर आहे. खोक्यावर तारीख पेननं लिहून ठेवा, आणि जादा एक जोडी घरात असू द्या, कारण मृगाचा पाऊस पडला की दुकानात सगळेच एकदम मागायला येतात आणि मग आकडा नसलेलीच तेवढी शिल्लक असते.